परसातल्या घराला परवानगी द्या: नारायणगड परिसरातील गावकऱ्यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, बीड
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, बीड
मा. जिल्हा अधीक्षक, भूमी अभिलेख, बीड
नगर रचना विभागाचे जिल्हा कार्यालय, बीड

विषय: राहत्या घराला लागून असलेल्या स्वतःच्या परसात घर बांधण्यास रीतसर, मुदतीत आणि परवडेल अशा खर्चात परवानगी मिळण्याबाबत.

महोदय,

नारायणगडाच्या आसपासच्या गावांत आणि वस्त्यांत राहणारे आम्ही शेतकरी, शेतमजूर आणि ऊसतोड कामगार आहोत. आमच्या घरामागे किंवा घराच्या अंगाला मोकळी जागा आहे. कोणी तिला परस म्हणतो, कोणी वाडगं. त्या जागेत मुलांसाठी घर बांधायचे आहे. गायरान आम्ही मागत नाही. देवस्थानच्या जमिनींचा प्रश्न वेगळा आहे, त्याचे कायदे वेगळे आहेत, तो या पत्रात आणलेला नाही. शेजाऱ्याच्या हद्दीत वीतभरही सरकायचे नाही. बापजाद्यांपासून ज्या जागेत आमची चूल, न्हाणी आणि गोठा आहे, त्याच जागेत चार भिंती उभ्या करायच्या आहेत, आणि त्या चोरून उभ्या करायच्या नाहीत. म्हणून हे पत्र.

प्रश्न काय आहे ते एका घरावरून कळेल. आमच्यातल्या एका कुटुंबाची जागा आम्ही टेप लावून मोजली. पुढे तीन खणांचे माळवद. आत आजी, आई-बाप, दोन मुलगे, थोरल्याची बायको आणि तिचे लेकरू, अशी सात माणसे. पावसाळ्यात माळवद एका कोपऱ्यात गळते, तिथे पातेले ठेवलेले असते. मागच्या दाराने बाहेर आले की परस लागतो, २४ फूट रुंद आणि ४६ फूट लांब, म्हणजे १,१०४ चौरस फूट. एका गुंठ्याहून पंधरा चौरस फूट जास्त. त्यात एक लिंब, एक शेवगा, पत्र्याच्या आडोशाची न्हाणी, धुण्याचा दगड, एका म्हशीचा गोठा, सरपणाचा ढीग आणि कडब्याची गंज. उन्हाळ्यात घरातले पुरुष इथेच बाजा टाकून झोपतात. घराची मागची भिंत आहे, नेमकी तिथेच गावठाणाची हद्द संपते. भिंतीच्या अलीकडे घर, पलीकडे कागदोपत्री शेत. दाराच्या उंबऱ्यावर उभे राहिले तर एक पाय पांढरीत आणि एक काळीत पडतो.

त्या शेतात कोणाच्याही आठवणीत पेरणी झालेली नाही. म्हैस बांधली जाते, भांडी घासली जातात, लग्नाचा मांडव पडतो. तरीही सातबाऱ्यावर ती जमीन जिरायत आहे, आणि तिच्यावर घर बांधायचे म्हटले की सारा खेळ सुरू होतो.

ग्रामपंचायतीत गेले तर सांगतात, जागा गावठाणाबाहेर आहे, तहसीलला जा. तहसीलला गेले तर मोजणीचा नकाशा आणा. मोजणीचे पैसे भरून तारीख मिळेपर्यंत दसरा उलटतो. मोजणी झालीच तर नगर रचनेचा अभिप्राय लागतो, आणि तिथे पहिला प्रश्न विचारतात की ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला कुठे आहे. आमच्यातल्या एकाने ही फेरी दोन वर्षांत तीनदा पूर्ण केली. त्याच्या पिशवीत एकवीस कागद जमले, परवानगी मिळाली नाही, आणि नाकारल्याचेही कोणी लिहून दिले नाही. कोणत्याही एका कार्यालयावर आमचा राग नाही. प्रत्येक टेबलावरच्या माणसाने आपल्यापुरते बरोबर सांगितले असेल. पण सगळी बरोबर उत्तरे एकत्र केली की घर उभे राहत नाही, हे आम्ही भोगतो आहोत.

आता कायदा काय म्हणतो ते आम्ही समजून घेतले आहे. ते इथे मांडतो, कारण आमच्या मागण्या कायद्याच्या बाहेरच्या नाहीत.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ प्रमाणे गावाच्या जागेत कोणती जमीन मोडते हे ठरवण्याचा आणि ती हद्द वेळोवेळी बदलण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. कायदा करणाऱ्यांनी ‘वेळोवेळी’ म्हटले, कारण गाव वाढते हे त्यांना ठाऊक होते. त्याच संहितेच्या कलम ४२-ड प्रमाणे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन, प्रादेशिक योजनेच्या तरतुदींना धरून, रहिवासी वापरासाठी अकृषिक झाली असे मानायचे आहे. रूपांतरण कर, अकृषिक आकारणी आणि लागू असेल तिथे नजराणा भरला की वेगळ्या अकृषिक परवानगीची गरज राहत नाही. महसूल विभागाने २०२२ मध्ये या कलमांच्या अंमलबजावणीच्या सूचनाही दिल्या. आमचे परस हद्दीपासून २०० मीटर सोडा, वीस मीटरही लांब नाहीत.

बांधकामाच्या नियमांचेही तसेच. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली. लहान भूखंडावरच्या लहान घराला सोपी वाट द्यायची, हे तिचे एक मुख्य सूत्र. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडासाठी परवानाधारक तंत्रज्ञाचा दाखला, आराखडा, मालकीचे कागद आणि शुल्काची पावती सादर करून काम सुरू करता येते. ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांची मुदत सांगितली गेली. २०२१ मध्ये ग्रामविकास विभागाने हेच गावांसाठी चौरस फुटांत सांगितले. साधारण १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडाला फक्त कागदपत्रे दाखल करायची, ३,२०० पर्यंत ग्रामपंचायतीने परवानगी द्यायची, त्यासाठी नगर रचनाकाराकडे जायचे कारण नाही. वर मोजलेला परस १०३ चौरस मीटरही भरत नाही. तो या सोप्या वाटेवरचा आहे. मग त्याला लांबच्या वाटेने का फिरवले जाते?

याचे उत्तर आम्हाला दोन गोष्टींत सापडते. एक म्हणजे हद्दीची रेघ. दुसरी म्हणजे वेळ.

रेघेचे आधी. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि जमीन महसूल संहिता लागू झाली ती १९६७ मध्ये. या सगळ्या बदलांतून आमच्या गावठाणांच्या हद्दी जुन्याच राहिल्या. तेव्हा गाव जेवढे होते, तेवढी रेघ. बीड जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २५ लाख ८५ हजार होती, आणि त्यातली सुमारे ऐंशी टक्के माणसे खेड्यांत राहतात. माणसे वाढली, भाऊहिस्से झाले, एका घराची तीन घरे झाली. रेघ मात्र आजोबांच्या मागच्या भिंतीवरच थांबली.

स्वामित्व योजनेकडून आम्हाला मोठी आशा आहे. आपल्या राज्यात पुरंदर तालुक्यातील सोनोरीला ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० ला केंद्राने ही योजना देशासाठी जाहीर केली. पिढ्यान्‌पिढ्या ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर भिस्त ठेवणाऱ्या माणसाला मालमत्ता पत्रक मिळते, ही थोडी गोष्ट नाही. पण ड्रोनला आकाशातून छप्पर दिसते, भिंत दिसते. म्हैस बांधायची जागा आणि पडीक जमीन त्याला सारखीच. मालमत्ता पत्रकात परस सुटला तर तो पुन्हा पन्नास वर्षे सुटेल. म्हणून आमची पहिली मागणी अशी की नारायणगड परिसरातील प्रत्येक गावाच्या हद्दीची कलम १२२ प्रमाणे फेरतपासणी करा, आणि घराला जोडून असलेले, घरासाठीच वापरात असलेले परस गावठाणात घ्या. ज्या गावांची मालमत्ता पत्रके तयार झाली आहेत, तिथे पुरवणी चौकशी लावा. ही चौकशी कागदावर न करता दारोदार करा. परस कुठवर आहे हे शेजाऱ्याला माहीत असते, त्याला विचारा.

या चौकशीचा महिना महत्त्वाचा आहे, आणि इथे वेळेचा प्रश्न येतो. हा भाग आम्ही जरा विस्ताराने सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला तो सहज दिसत नाही.

आमच्यातल्या निम्म्याहून जास्त घरांत कोयता आहे. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जावे लागते. घराला कुलूप लागते किंवा मागे म्हातारी माणसे राहतात. पाच-सहा महिने माणूस फडात, कोपीत. कारखान्याचा पट्टा पडला की माघारी. पाडव्याच्या आगेमागे टोळ्या परततात. त्यानंतर मृगाच्या पावसापर्यंत दोन-अडीच महिने हातात असतात. घर बांधायचे ते तेवढ्यातच. पैसाही तेव्हाच जवळ असतो, हिशेब होऊन उरला असेल तर.

त्या दोन-अडीच महिन्यांतही पाण्याची ओढ. आमचा भाग अवर्षणाचा. चैत्र-वैशाखात विहिरी तळ गाठतात, पिण्याच्या पाण्याला टँकर लागतो. स्लॅबवर आणि भिंतींवर दोन-तीन आठवडे पाणी मारावे लागते, ते विकत घ्यावे लागते. गवंडी त्याच काळात मिळत नाही, कारण सगळ्यांचीच घरे त्याच काळात निघतात.

आता समजा, परवानगी ऑक्टोबरात मिळाली. कागद हातात आला, पण माणूस चालला फडात. परत येईतो कागदाची मुदत सरत आलेली. घरकुल मंजूर असेल तर बारा महिन्यांत बांधकाम पूर्ण करा म्हणून नोटीस. बारापैकी सहा महिने तो गावात नाहीच, हे नोटिशीला माहीत नसते. हरकती मागवणारी जाहीर सूचना डिसेंबरात चावडीवर लागली, तर ती वाचायला गावात आजी असते, आणि आजीला वाचता येत नाही. आमच्या मते परवानगीच्या कामातला सर्वांत मोठा दोष हाच आहे. कार्यालयाचे वर्ष एप्रिल ते मार्च चालते, आमचे वर्ष पट्टा पडल्यापासून मोळी टाकेपर्यंत चालते. दोन्ही वर्षांची गाठ पडत नाही.

म्हणून दुसरी मागणी वेळेची. चैत्र ते ज्येष्ठ या काळात गावातच शिबिर भरवा. मोजणीदार, तलाठी, ग्रामसेवक आणि बांधकामाचा अभियंता एका दिवशी एका ठिकाणी बसू द्या. अर्ज घेतला की त्याच दिवशी पोच द्या. कागद कमी असतील तर कोणते कमी आहेत ते एकदाच, एकत्र आणि लेखी सांगा. निर्णय पंधरा दिवसांत द्या. नकार असेल तर कोणत्या नियमाखाली नकार आहे ते लिहा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने आम्हाला मुदत आणि लेखी कारण मागण्याचा हक्क दिला आहे, अपिलाचाही. शहरात नियोजन प्राधिकरणाने ६० दिवसांत उत्तर दिले नाही तर नगर रचना कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे परवानगी मिळाल्याचे मानले जाते. खेड्यातल्या एक गुंठ्याच्या घराला मौनाचा एवढाही फायदा मिळू नये, हे आम्हाला पटत नाही. आणि एकदा दिलेली परवानगी, तशीच घरकुलाची मुदत, दोन उन्हाळे चालली पाहिजे. स्थलांतराचे महिने तिच्यातून वगळा.

तिसरी मागणी कलम ४२-ड ची. २०० मीटरच्या आतल्या गटांची गाववार यादी तहसीलने स्वतः तयार करावी, ती ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावी, किती रक्कम भरायची ते प्रत्येकाला कळवावे आणि रक्कम भरताच सनद द्यावी. माणसाने कलम शोधत फिरायचे, ही रीत बंद व्हावी. ज्या नकाशाच्या आधारे कोणाची परवानगी अडवली जाते, तो नकाशाही त्याच भिंतीवर मराठीत लावा.

घरकुलाचे दुखणे याहून खोल आहे. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ पासून चालू आहे. सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात, घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फुटांचे हवे. आमच्या गावांत प्रपत्र-ड च्या यादीत नाव आले म्हणून पेढे वाटलेली माणसे आहेत. पुढे ‘जागा उपलब्ध नाही’ असा शेरा पडला आणि नाव मागे राहिले. जागा कशी नाही? मागच्या दाराबाहेर आहे. ती सातबाऱ्यावर असल्यामुळे तिला जागा म्हणायला कोणी तयार नाही. एकीकडे शासन पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा विकत घ्यायला पैसे देते, ५० हजारांपासून सुरू झालेली ही मदत पुढे १ लाखापर्यंत वाढली, आणि दुसरीकडे ज्याच्याकडे फुकटची, स्वतःची, घराला चिकटलेली जागा आहे तो यादीत कुजतो. परसात बांधू दिले तर शासनाचाच पैसा वाचेल.

इथे तुकडेबंदीचा मुद्दा काढला जातो. १९४७ चा कायदा शेतीचे बारीक तुकडे होऊ नयेत म्हणून झाला, आणि तो हेतू आम्ही शेतकरी म्हणून मानतो. २०२३ मध्ये जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे अशी मर्यादा ठरली. पण पुढच्याच वर्षी नियम बदलून विहीर, शेतरस्ता आणि ग्रामीण घरकुल यांसाठी त्याहून लहान तुकड्याची सोय झाली; घरकुलासाठी १,००० चौरस फुटांपर्यंत. २०२५ मध्ये तर शासनाने गावठाणालगतच्या रहिवासी भागांतल्या जुन्या तुकड्यांचे व्यवहार नियमित करण्याचा निर्णय घेतला. मग सख्ख्या भावांच्या वाटणीतल्या परसाला आजही जुन्या बंदीचे नाव सांगून परत का पाठवले जाते? चौथी मागणी: परस असलेल्या घरकुल लाभार्थ्याला ‘जागा उपलब्ध’ समजा, १,००० चौरस फुटांची तरतूद त्याला लावा, आणि भावांच्या संमतीचा साधा लेख, गावातल्या पंचांच्या सह्यांसह, पुरेसा माना. वाटणीच्या मोठ्या दस्तासाठी वकील, मुद्रांक आणि तालुक्याच्या खेपा हे मजुराला परवडत नाही.

खर्चाबद्दल वेगळे काय सांगावे? आमच्यात मोजणीची फी भरण्यासाठी मुकादमाकडून वाढीव उचल घेतलेली माणसे आहेत. सरकारी चलनाचे पैसे त्यांनी उसाच्या मोळ्यांनी फेडले. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे, घरकुल लाभार्थी, नोंदणीकृत ऊसतोड कामगार आणि एकल महिला यांना परसाच्या मोजणीची फी माफ करा, इतरांना अकृषिक रक्कम हप्त्याने भरू द्या. जिल्हा परिषदेने या मापाच्या परसांना बसतील असे चार-सहा नमुना आराखडे तयार करून मोफत द्यावेत, अभियंत्याच्या सहीसकट. आराखड्यात न्हाणीघर, गोठ्याची जागा आणि पुढे जिना काढून वर खोली चढवता येईल अशी सोय धरावी.

बायकांच्या नावाचा आग्रह आम्ही सभेत एकमताने धरला आहे. आवास योजनेत घर पती-पत्नीच्या संयुक्त नावे करता येते. परसातल्या प्रत्येक नव्या घराची परवानगी आणि नमुना आठची नोंद दोघांच्या नावे व्हावी. परस जपते ती बाई. शेवग्याला पाणी घालते ती, गोठा झाडते ती, फडात मोळी बांधते तीही. विधवा आणि टाकलेल्या बायकांना तर सासरच्या परसातला एक कोपरा हाच आसरा असतो. त्यांचा अर्ज नवऱ्याच्या सहीवाचून घ्यावा. मुलीचा हिस्सा कायद्याने आहे, तो संमतीलेखात नुसत्या अंगठ्यावर सोडून घेतला जाणार नाही, याची खबरदारी शिबिरात तलाठ्याने घ्यावी. हे आम्ही आमच्याच भाऊबंदांच्या विरोधात जाऊन लिहीत आहोत, याची आम्हाला जाणीव आहे.

आमच्यावर आक्षेप घेतले जातील. काही खरे आहेत.

पहिला आक्षेप: असे परसात घर बांधत गेले तर गाव कोंदून जाईल, आगीचा बंब किंवा रुग्णवाहिका आत जाणार नाही. ही भीती रास्त आहे. बाळंतिणीला बाजेवर घालून हमरस्त्यापर्यंत आणलेले आम्ही पाहिले आहे. म्हणून आम्हीच अट सुचवतो. मागच्या घरापर्यंत किमान तीन मीटरची वाट सुटल्याशिवाय परवानगी देऊ नका. जिथे एका घराची तेवढी वाट निघत नाही, तिथे शेजारच्या दोन परसांनी दीड-दीड मीटर सोडून सामाईक बोळ काढावा. त्याची नोंद नकाशावर व्हावी, म्हणजे पुढच्या पिढीत वहिवाटीचे भांडण कोर्टात जाणार नाही.

दुसरा आक्षेप सांडपाण्याचा. गल्लीत आधीच गटार वाहते, नव्या घराचे पाणी कुठे जाणार? प्रत्येक घरापुढे शोषखड्डा, ही अट आम्हाला मान्य आहे. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे करून गल्ल्या कोरड्या केल्या, ते आपल्याच मराठवाड्यात आहे. रोजगार हमीतून खड्डा द्या, खोदायला आम्ही आहोत. स्लॅबचे पावसाचे पाणीही त्यातच किंवा विंधन विहिरीजवळ मुरवू. लिंबासारखे जुने झाड तोडायचे नाही, हेही लिहून देतो. वर मोजलेल्या परसात १५ बाय १८ फुटांची दोन घरे दोन मुलांसाठी बसवली तर ५४० चौरस फूट जातात आणि ५६४ मोकळे राहतात. त्यात लिंबही राहतो आणि म्हैसही.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. श्री क्षेत्र नारायणगड म्हणजे नगद नारायण महाराजांचे स्थान, धाकटी पंढरी. आषाढीला गडावरून पालखी पंढरपूरला निघते, एकादशीला माणूस लोटतो, २०२४ पासून दसऱ्याला मोठा मेळावाही भरतो. वर्दळ वाढली की जागेला भाव येतो. परसाच्या नावाखाली दलाल घुसतील, गुंठा-गुंठा विकला जाईल आणि गावकरी बेघर होतील, असे कोणी म्हटले तर आम्ही ते उडवून लावणार नाही. ही सवलत ज्याचे त्या गावात पिढीजात घर आहे, आणि ज्याला स्वतःच्या कुटुंबासाठी राहायला बांधायचे आहे, त्यालाच असावी. दहा वर्षे ते घर किंवा ती जागा कुटुंबाबाहेर विकता येणार नाही, अशी अट परवानगीतच घाला आणि सातबाऱ्यावर तिचा शेरा मारा. दुकानगाळे, लॉज, मंगल कार्यालय यांना ही वाट खुली नसावी. गडावर येणाऱ्या भाविकांची सोय व्हायला हवी, पण ती आमच्या म्हशीच्या गोठ्यात नको.

आणि एक सल्ला आम्हाला नेहमी मिळतो: गावाबाहेर नवी वसाहत करा, सरळ रस्ते, ओळीत घरे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. त्यावेळी दुसरा इलाज नव्हता, आणि ज्यांनी ते काम केले त्यांचे उपकार मराठवाडा विसरणार नाही. घरे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची दिली, जमीनधारणेप्रमाणे. रस्ते रुंद झाले. पण जुन्या गावात भाऊ भावाच्या भिंतीला भिंत लावून राहत होता, ते जुळून आलेले शेजार नव्या ओळींत विस्कटले. जनावरे, कडबा, अवजारे ठेवायला माणसांनी नंतर पत्रे ठोकून आडोसे केले. ती गावे भूकंपाने हलवली. आमच्यावर तशी आपत्ती आलेली नाही. आई-बापाला मागे ठेवून मुलाने दोन किलोमीटरवर राहायला जायचे, त्याच्या मुलाबाळांना कोण बघणार? सहा महिने आम्ही फडात असतो, तेव्हा लेकरे आजीजवळ राहिली तरच शाळा टिकते. परसातले घर असेल तर मधे फक्त एक अंगण असते. नाहीतर लेकरू कोपीवर जाते आणि त्याचे वर्ष वाया जाते. घर कुठे बांधायचे हा आमच्याकडे शाळेचाही प्रश्न आहे.

परवानगी मिळत नाही म्हणून घरे थांबत नाहीत, हेही प्रशासनाने ध्यानात घ्यावे. लग्न जमले की खोली काढावीच लागते. आता पाहुणे मुलगा बघायला आले की आधी घर बघतात, किती खोल्या म्हणून विचारतात. मग रातोरात विटा पडतात, पाया अर्धवट खणला जातो, ना अभियंता ना आराखडा, शेजाऱ्याच्या भिंतीवरच तुळई टेकते. अशा घराला कर्ज मिळत नाही, वीजजोडणीला त्रास होतो, आणि कोणी तक्रार केली की वर्षभराची कमाई नोटिशीखाली येते. अशी जी राहती घरे स्वतःच्या परसात आधीच उभी आहेत, त्यांची तपासणी करून, वाट आणि शोषखड्ड्याच्या अटी पूर्ण करून घेऊन, ती दंडाविना नियमित करावीत. रस्त्यावर, गायरानात किंवा ओढ्यात शिरलेल्या बांधकामासाठी हे मागणे नाही.

ही सर्व मागणी एका गावापासून सुरू करता येईल. आपण सांगाल ते गाव आम्हाला चालेल. तिथे हद्दीची तपासणी, २०० मीटरची यादी, शिबिर आणि नमुना आराखडे, एवढे एका उन्हाळ्यात करून पाहा. काय अडते ते तिथे दिसेल, आणि पुढच्या गावाला ते टाळता येईल. मोजणीच्या दिवशी साखळी धरायला, खुणा रोवायला, शेजाऱ्यांना बोलावून आणायला आमची पोरे हजर राहतील. ग्रामसभेचे ठराव आम्ही मिळवून देऊ.

आपल्या भेटीची वेळ लवकर कळवावी, ही विनंती. पट्टा पडला की टोळ्या परत येतील. पाडव्यापासून मृगापर्यंत आम्ही सगळे गावातच आहोत. तेवढ्या दिवसांत मोजणीदार पाठवा.

आपले,
नारायणगड परिसरातील शेतकरी, शेतमजूर व ऊसतोड कामगार कुटुंबांच्या वतीने